सेडलाचेक आजोबांचा गड्डा

मंडळी, आज दुपारी शेजारचे सेडलाचेक आजोबा मातीने भरलेली बादली घेऊन दारात उभे. घर विकून ते लेकीकडे अ‍ॅरिझोनाला निघालेत. बादलीत रूबार्बचा, म्हणजे इथल्या एका आंबट देठांच्या भाजीचा, गड्डा होता, त्यांच्या पणजोबांच्या शेतातून पिढ्यान् पिढ्या तुकड्या-तुकड्याने वाटला गेलेला.

मी नेहमीच्या खोडीने विचारलं, "तुमच्या आडनावाचा अर्थ तरी सांगून जा."

"चेक भाषेत छोटा शेतकरी. मुळात, आपल्या जमिनीवर बसलेला माणूस."

माझं संस्कृत लगेच जागं झालं. हाच तो आपला सद् धातू, ज्यातून 'सदन' आलं. दोन मिनिटं व्याख्यान झोडलं. आजोबांनी ते सोसलं आणि म्हणाले, "छान. पण हा कुंडीत जगणार नाही, जमिनीत लाव. आणि पहिली दोन वर्षं देठ तोडू नकोस."

दोन वर्षं. बावीस वर्षांपूर्वी इथे, ईडन प्रेरी गावात आलो तेव्हापासून मी आईला फोनवर हेच सांगत होतो, "दोन वर्षांत परत येतो." म्हणून तर कढीपत्ताच काय, आमचं प्रत्येक रोप कुंडीत. आता ते ऐकायला आई नाही, तरीही कुंडीतच.

आजोबा गेल्यावर सवयीने मी गराजमधून मोठी कुंडी काढली. मागून बायको फावडं घेऊन आली.

"ठेव ती आत," ती हळूच म्हणाली. "आपण कुठे निघालोय?"

खड्डा मीच खणला. माती दाबताना उगाच आईला फोन करावासा वाटला.

तुम्ही इथल्या जमिनीत पहिलं रोप कधी लावलंत? आणि घरी कुणाला ते सांगायचं राहिलं?