शेवट न सांगता

सिनेमाचा शेवट आधीच सांगून टाकणाऱ्या माणसाला मी घरात घेत नाही. जावयालासुद्धा एकदा तोंडावर सांगितलं, जेवायला जरूर या, पण सिनेमा बघून आला असाल तर तोंडाला कुलूप लावून या. तो हसला. मला नाही हसू येत. दात गेले, गुडघे गेले, पण या एका गोष्टीवर टाळकं अजून तसंच सटकतं. आणि खरं सांगायचं तर शेवट सांगून सगळ्यात मोठा घोळ मीच घातलेला आहे.

आमचं हे उसाचं बेट अजून स्वतंत्र देश व्हायचं होतं. मी कार्तिए मिलितेर गावच्या शाळेत मास्तर होतो. संध्याकाळी नाक्यावरच्या चिनी दुकानासमोर आम्ही तिघं उभे राहायचो: मी, पोस्टातला एक कारकून आणि एक बस कंडक्टर. तिघंही सिनेमाचे वेडे. कुणी काही बघून आला की बाकीच्या दोघांना सांगायचा, पण शेवट सांगायचा नाही, हा नियम. कारकुनानं तो एकदा मोडला तेव्हा मी त्याच्याशी पंधरा दिवस बोललो नव्हतो.

त्या वर्षी क्युरपिप शहरातल्या थेटरात मी एक सिनेमा बघितला. फ्रेंचमध्ये बोलणारा, काळा-पांढरा, अंगावर काटा आणणारा, आणि तरी भूत एकही नाही. तळ्याकाठच्या घरात एक आंधळी विधवा राहते. नवरा तळ्यात बुडून मेलेला. तिची सेवा करायला एक मुकी नर्स ठेवलेली असते, कायम हातमोजे घालणारी. मग घरातल्या वस्तू जागा बदलायला लागतात, मेलेल्या नवऱ्याच्या तंबाखूचा वास येतो, आणि बाईला वेड लागत चाललंय असं आपल्याला वाटायला लागतं. खरी गोष्ट अशी की ती नर्स म्हणजे तो नवराच. बुडालेला नसतोच मुडदा. आणि त्याच्याही पुढे एक गाठ होती. ती सुटली तेव्हा माझ्या हातातले शेंगदाणे खाली सांडले.

ही गोष्ट मी दोघांना शेवट झाकून सांगितली ती क्रिओलमध्ये, बेटावरच्या रोजच्या बोलीत, आणि काय सांगितली! क्रिओलमध्ये 'ली' म्हणजे तोही आणि तीही. 'ली वीनी' म्हटलं की कुणीतरी आलं. बाई की बाप्या, ते ऐकणाऱ्यानं बघून घ्यावं. त्यामुळे नर्सबद्दल अर्धा तास बोललो तरी चोरी पकडली गेली नाही. दोघं बघून आले. कंडक्टर म्हणाला, मास्तर, आता बायको चहा घेऊन आली तरी मी आधी तिचे हात बघतो. मी इतका फुगलो की विचारू नका. त्या फुगण्याचाच आता राग येतो.

कारण त्याच भरात मला आक्का आठवली. माझी थोरली बहीण. मला सिनेमाचं वेड तिनं लावलं. लग्नाआधी आम्ही दोघं जायचो आणि मध्यंतरातच ती शेवट ओळखायची, पण सांगायची नाही. नुसती माझ्या हातावर बोटानं टिचकी मारायची. लग्न होऊन ती कांप दे मास्क गावी गेली, ऊस आणि भाजीपाल्याच्या घरात, आणि तिच्या सासूनं पहिल्याच महिन्यात सांगितलं की या घरातल्या बायका थेटरात जात नाहीत. अकरा वर्षं झाली होती त्याला. हा सिनेमा आता त्यांच्या जवळच्या बाजारगावी, फ्लाकला लागला होता, आणखी आठवडाभर राहणार होता. मी ठरवलं, जाऊन सासूची रीतसर परवानगी घ्यायची आणि आक्काला हा एक तरी सिनेमा दाखवायचाच.

रविवारी सकाळी गेलो. सासू देवघराच्या दाराशी बसली होती, आक्का समोर भाजी निवडत होती. त्या घरात एक कायदा होता: क्रिओल शेतात बोला, गोठ्यात बोला, उंबऱ्याच्या आत मराठी. माझी मराठी आईच्या चुलीपाशी शिकलेली, तेवढ्यापुरतीच. शाळेत दिवसभर फ्रेंच आणि इंग्रजी. तरी हात जोडून म्हटलं, मावशी, चांगला सिनेमा आहे, आक्काला बुधवारी दुपारी नेऊ का?

गोष्ट काय आहे ते आधी सांग, म्हणाली. नाचगाणं असेल तर नको. नाचगाणं नाही म्हटलं, आणि सुरू झालो. क्रिओलमध्ये जे लपतं ते मराठीत लपत नाही. तोंड उघडलं की आधी बाई का बाप्या ते कबूल करावं लागतं. मी जपून 'ती नर्स, ती नर्स' करत होतो. पण गोष्ट रंगली, सासूचा जप थांबला, आणि मी येडा चेकाळलो. म्हटलं, विधवा केस विंचरायला बसते, दार हळूच उघडतं, आणि तो तिच्या मागे येऊन उभा राहतो.

"तो कोण?" सासू म्हणाली. "घरात बाप्या न्हाई म्हणालास की."

मी सारवासारव करायला गेलो आणि आणखी रुतलो. तिनं चार प्रश्नांत सगळं काढून घेतलं, पोलिसानंसुद्धा इतक्या लवकर काढलं नसतं. म्हणजे बाप्या माणूस बाईचं सोंग घेऊन विधवेला आंघोळ घालतो, केस विंचरतो, आणि हे बघायला माझी सून पाठवू? एका अक्षरानं सगळं घालवलं! जिभेला चटका द्यावा असं वाटलं. पण त्याहून जास्त राग त्या म्हातारीचा आला. कोण ही, माझ्या बहिणीनं काय बघावं ते ठरवणारी?

मग मी वाद घातला, आवाज चढवून. म्हटलं, असं काय मोठं मागतोय मी? आक्का दर बुधवारी फ्लाकच्या बाजारात भाजी घेऊन बसते, संध्याकाळी परत येते, दुपारचा तेवढाच वेळ लागतो सिनेमाला. समजा बाजारालाच गेली.

सासूनं माळ मांडीवर ठेवली आणि विचारलं, तेवढाच येळ लागतो व्हय? मी म्हटलं, अगदी तेवढाच, घड्याळ लावून बघा. तिनं आक्काकडे बघितलं. आक्कानं मान वर केली नाही. मला वाटलं, लाजली बिचारी. पुन्हा विचारलं तर सासू म्हणाली, न्हाई म्हंजे न्हाई, आणि माळ ओढायला लागली.

आक्का मला बसपर्यंत सोडायला आली. दोन्ही बाजूंना ऊस, आणि मी त्या म्हातारीला जेवढ्या येतात तेवढ्या शिव्या देत चाललो होतो. मराठीतल्या संपल्या तेव्हा क्रिओलमधल्या घेतल्या. म्हटलं, तू रडू नकोस आक्का, मी तुला शेवट सांगतो, नियम गेला खड्ड्यात. एक गाठ अजून बाकी आहे.

"ती बाई आंधळी नव्हतीच," आक्का म्हणाली. "पहिल्यापासून बघत होती त्याला."

मी थांबलो. ही गाठ मी कुणालाच सांगितली नव्हती. कधी बघितलास, विचारलं, तर म्हणाली, गेल्या बुधवारी. आणि त्याच्या आधी दर बुधवारी काहीतरी. सकाळीच भाजी उरकायची, टोपल्या शेजारच्या दुकानदारणीकडे ठेवायच्या, दुपारचा खेळ बघायचा, शेवटच्या आधीच्या बसनं घरी. नऊ वर्षं. कुणाला पत्ता नव्हता. मलासुद्धा नाही.

मला तर आधी हसूच आलं. वा रे आक्का, म्हणालो, मग आधी सांगायचंस की!

ती रस्त्यात थांबली. माझी बहीण माझ्यावर कधी ओरडली नव्हती, आताही ओरडली नाही. पण राग असा होता की तिच्या ओठांचा रंग गेला होता.

"तुला माझ्यासाठी एवढी काळजी होती, तर मला विचारायचंस ना आधी, बघायचाय का म्हणून. तू सरळ तिच्याकडे गेलास. वर वेळही मोजून दिलास. एक बुधवार माझा होता, तो तिच्या पदरात घातलास."

बस आली. मी काहीतरी बोलायला गेलो, तर म्हणाली, जा आता, आणि वळली.

पुढच्या बुधवारी मी शाळेतून सुट्टी काढून फ्लाकच्या बाजारात गेलो. तिच्या जागेवर दाजी बसले होते, दोन टोपल्यांच्या मधे. मला बघून खुशीत म्हणाले, आईनं सांगितलं, बाईमाणसानं कशाला ओझी वाहायची, आता मीच येत जाणार. सासू मेली तोवर आणखी चौदा वर्षं गेली. तेवढी चौदा वर्षं आक्का बाजाराला गेली नाही.