व्हॅनकाकूंच्या गाडीचं पासिंग

व्हॅनकाकूंनी एकोणीस वर्षं शाळेच्या मुलांची ने-आण केली. दारासमोर हॉर्न वाजवून मुलांना बोलवायचं नाही, हा त्यांचा शिरस्ता. गाडी उभी करून स्वतः उतरायच्या, दार ठोठावायच्या आणि एका हातात दप्तर, दुसऱ्या हातात मूल घेऊन यायच्या. दिवसभर ही चढउतार करून शेवटी गुडघ्यांनीच हात टेकले. डॉक्टर म्हणाले, "आता बास." काकूंनी मन घट्ट केलं आणि व्हॅन विकायला काढली.

गिऱ्हाईकही लगेच मिळालं. एका रोपवाटिकेच्या मालकाला कुंड्या पोचवायला अशीच गाडी हवी होती. "फक्त पासिंग करून द्या, ताई," तो म्हणाला. "त्याशिवाय ती माझ्या नावावर होणार नाही."

"एवढंच ना? सकाळी जाते, दुपारपर्यंत येते," काकू म्हणाल्या.

पहिल्या दिवशी आरटीओत तीन तास रांगेत गेले. तपासणारे साहेब वयाने लहान, पण मान वर करून बघतील तर शपथ. ब्रेक ठीक, दिवे ठीक, धूर ठीक. "हॉर्न वाजवा."

काकूंनी बटण दाबलं. हूं नाही की चूं नाही.

"बंद आहे."

"असेल बाई! मी कधी वाजवतच नाही."

"नापास," असं म्हणून साहेबांनी चिठ्ठी फाडून हातात दिली.

नवा हॉर्न बसवून काकू चौथ्या दिवशी पुन्हा हजर. या वेळी साहेब टॉर्च घेऊन पुढच्या चाकाजवळ वाकले. "चेसिस नंबर दिसत नाही. रंगाखाली गेलाय." काकूंनी तिथल्या तिथे गोणपाट अंथरलं, गुडघ्यांना शिव्या घालत खाली बसल्या आणि पॉलिश पेपरने लोखंड घासत सुटल्या. अर्ध्या तासाने आकडे वर आले.

"आता दिसतोय?"

"दिसतोय. पण कागदावर शेवटचा आकडा आठ आहे आणि इथे तीन. कागदावरची गाडी ही नव्हे."

"मग एकोणीस वर्षं मी कुणाची गाडी चालवली? आणि आजवर पास केली ती कुणी?"

"तेव्हा मी नव्हतो," साहेब म्हणाले. "नंबर दुरुस्त करून आणा, मग पासिंग."

दुरुस्तीच्या खिडकीवरच्या माणसाने अर्ज बघितला. "आधी पासिंगचा दाखला आणा. ही गाडी तुमचीच आहे हे आम्हाला कसं कळणार?"

इकडून तिकडे तीन खेपा झाल्यावर काकूंचा पारा चढला. "तुमच्या दोघांच्या मध्ये एक भिंत आहे फक्त! तोंडं आहेत ना? बोला की एकमेकांशी!" सगळी रांग वळून बघायला लागली. साहेबांनी पुढची गाडी बोलावली आणि खिडकीवाल्याने पुढचा अर्ज.

घरी यजमान म्हणाले, "अगं, जरा शांतपणे सांगायचं."

"मग उद्या तुम्हीच जा शांतपणे."

यजमानांनी पेपर डोळ्यांसमोर धरला तो जेवायची हाक येईपर्यंत.

पुढचा सगळा आठवडा हेलपाटे घालण्यात गेला. शेवटी कुणीतरी त्यांना जुन्या कागदांच्या खोलीकडे पिटाळलं. तिथे निवृत्तीला आलेल्या एक नोंदणीबाई बसायच्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. इतक्या दिवसांत असं करणारं पहिलंच माणूस. "नोंदणीच्या दिवशी नंबरावर कागद ठेवून वरून पेन्सिल घासतात," त्या म्हणाल्या. "तो कागद फायलीत असणार. चला, शोधू."

दोघींनी गठ्ठ्यांमागून गठ्ठे उपसले. शिंकून शिंकून दोघींची नाकं लाल झाली. दोन तासांनी फाईल सापडली. पेन्सिलीच्या करड्या ठशात शेवटचा आकडा ठसठशीत तीन होता आणि त्याच कागदावर खाली कुणीतरी शाईने आठ उतरवला होता.

"मेल्याला चष्मा लागला असणार," काकू म्हणाल्या.

त्या एका कागदावर सगळं मार्गी लागलं. त्याच दुपारी दुरुस्तीचा शिक्का बसला आणि गाडी पास झाली. काकूंनी उत्साहाने रोपवाटिकेला फोन लावला.

"अहो ताई, दोन आठवडे वाट बघितली," पलीकडून आवाज आला. "परवाच दुसरी घेतली."

काकू व्हॅनच्या पायरीवर मटकन बसल्या. ओरडायचंही त्राण उरलं नव्हतं. ऑफिस सुटलं तेव्हाही त्या तिथेच होत्या. नोंदणीबाई बाहेर आल्या, गाडीपाशी थांबल्या, सरकतं दार उघडून बघितलं आणि वितीने त्याची रुंदी मोजायला लागल्या.

"विकायचीय ना? आमच्या ह्यांची चाकाची खुर्ची आत जाईल असं वाटतं. रिक्षावाले थांबतच नाहीत हो आमच्यासाठी."

"नीट विचार करा," काकू म्हणाल्या. "नावावर करायला परत त्याच खिडकीवर जावं लागेल."

"त्या खिडकीला मी तीस वर्षं ओळखते. ते माझ्यावर सोडा."

त्यानंतर अकराव्या दिवशी गाडी बाईंच्या नावावर झाली. त्या संध्याकाळी बाईंनी काकूंना शेजारी बसवून घरी सोडलं. गाडी दर चौकात आचके देत होती आणि क्लच केव्हा सोडायचा ते काकू घर येईपर्यंत ओरडून सांगत होत्या.