अकरा सर्टिफिकिटांचे गाठोडे

तात्यांनी गाठोड्याची गाठ सोडली आणि अकरा शेअर सर्टिफिकिटे माझ्यासमोर टेबलावर एकावर एक ठेवली. सभा थांबली होती. अध्यक्षांच्या खुर्चीवरून बापूसाहेब माझ्याकडे पाहत होते.

"सेक्रेटरी, ही मते धरता येतात का? कायदा काय तो सांगा."

उत्तर मला पाठ होते. ते देण्याची वेळ माझ्यावर कशी आली, ते आधी सांगतो.

बहात्तरच्या दुष्काळात मी श्रीरामपूरच्या एका छोट्या कंपनीचा सेक्रेटरी होतो. कंपनी सेक्रेटरी म्हणजे पत्रे टाइप करणारा लेखनिक नव्हे. सभेची नोटीस काढणे, ठराव लिहिणे, मतदान नियमाने झाले की नाही ते पाहणे, हे त्याचे काम. लहानपणी माझे शिक्षण संस्कृत पाठशाळेत झाले, पुढे वकिलीची परीक्षा दिली. त्यामुळे कंपनीत मला सर्वजण शास्त्रीबुवा म्हणत.

कंपनीजवळ बोअरची दोन मशिने होती. गावोगावी जाऊन खडकात छिद्र पाडायचे आणि पाणी शोधायचे, हा आमचा धंदा. बापूसाहेबांनी, म्हणजे आमच्या मॅनेजिंग डायरेक्टरांनी, ही कंपनी शून्यातून उभी केली. भांडवलासाठी ते स्वतः खेड्यापाड्यांत हिंडले होते. त्यामुळे निम्म्याहून अधिक सभासद शेतकरी होते. कोंडीराम तात्या त्यांतलेच एक. त्यांचे गाव सुप्याच्या बाजूला, कोरड्या माळावर. गावची विहीर आटली होती आणि आमचे एक मशीन गावठाणात नव्वद फूट खाली गेले होते. पाणी अद्याप लागले नव्हते.

त्याच सुमारास बापूसाहेबांच्या मनात समुद्र शिरला. मुंबईच्या एका लहानशा कंपनीने समुद्रात खनिज तेल शोधण्याचे ठरवले होते. परदेशी तज्ज्ञ मिळाले होते, सरकारी परवान्यासाठी अर्ज केलेला होता. आपली दोन्ही मशिने विकून येणारे भांडवल त्या कंपनीत गुंतवावे, असा ठराव बोर्डाने केला. एवढा मोठा निर्णय सभासदांच्या संमतीवाचून घेता येत नाही. म्हणून मी सभेची नोटीस काढली. प्रथेप्रमाणे इंग्रजीत.

सभेच्या पाच दिवस आधी तात्या एस.टी.ने कार्यालयात आले. धोतर गुडघ्यापर्यंत धुळीने भरले होते. नोटीस त्यांनी घडी घालून टोपीत ठेवली होती. ती काढून त्यांनी माझ्यापुढे धरली.

"शास्त्रीबुवा, आमची अकरा मान्सं गुरं घेऊन छावनीवर हायेत. सोडून येता येनार न्हाई. त्यांचं मत माज्याकडं दिलंय त्यांनी. चालंल ना?"

मी फाइलमध्ये गुंतलो होतो. बापूसाहेब आतल्या खोलीत होते आणि दार उघडे होते. मी म्हणालो, "सर्व नोटिशीत लिहिले आहे, तात्या."

हे वाक्य असत्य नव्हते. नोटिशीच्या तळाशी बारीक टाइपात खरोखरच सर्व लिहिलेले होते. तात्यांनी मान डोलावली, ते पाणी प्यायले आणि परतीची गाडी गाठायला निघून गेले.

सभा मार्केट यार्डाशेजारच्या सभागृहात भरली. बापूसाहेबांनी भिंतीवर समुद्रतळाचा नकाशा लावला आणि ते मनापासून बोलले. पाण्यात स्फोट घडवतात, त्याचा नाद तळाखालच्या खडकांवर आदळून परत येतो आणि त्यावरून खडकांचा आकार काढता येतो, हे त्यांनी समजावून सांगितले. नकाशात एके ठिकाणी खडक पालथ्या परातीसारखा फुगलेला होता. तेल असेल तर ते अशाच फुगवट्याखाली साठते. दुष्काळ संपला की बोअरचा धंदा मंदावेल, देशाला मात्र तेल लागतच राहील, असेही ते म्हणाले. मुंबईहून आलेल्या सभासदांनी त्यांना दुजोरा दिला. बेलापूरच्या एका बागाईतदाराने परवान्याविषयी विचारले. परवाना अजून हाती नव्हता, हे बापूसाहेबांनी लपवले नाही.

मग तात्या उठले.

"भांडं दिसतंय म्हनता. त्यात काय हाय, हे कुनी बघितलंय?"

"कोणीतरी पहिल्यांदा पाहावेच लागते, तात्या," बापूसाहेब म्हणाले. "तुमच्या गावठाणात मशीन उभे केले, तेव्हा खाली पाणी आहे हे कोणी पाहिले होते?"

"न्हवतं बघितलं. पर कोरडं लागलं तर भोक आमच्याच मातीत ऱ्हातं. चार पावलं सरकून दुसरं पाडतो. समुद्रात आमी कुठं सरकायचं?"

मागच्या बाकावरून कोणी तरी म्हणाले की तात्याला पोहता येत नाही, म्हणून तो भितो. थोडे हसू झाले. तात्याही हसले. मग हसू आवरून म्हणाले, "आमचं एवढं भोक पुरं करा. मग मशीन इका, न्हाईतर बुडवा."

बापूसाहेबांनी ठराव मताला टाकला. हात वर झाले. ठरावाच्या विरुद्ध हात स्पष्टपणे अधिक होते. शेतकऱ्यांनी एकमेकांकडे पाहिले, काही जण टोप्या झटकून उठूही लागले. सहकारी साखर कारखान्याच्या सभेत असेच होते. तिथे एका माणसाला एकच मत, मग त्याचे शेअर कितीही असोत. हात वर झाले की निकाल लागला.

कंपनीचे तसे नसते. अध्यक्षांना पोल मागता येतो. हात वर करताना माणूस मोजला जातो. पोलमध्ये शेअर मोजला जातो. बापूसाहेबांनी पोल जाहीर केला. तो त्यांचा हक्क होता. उठलेली माणसे पुन्हा बसली. तेव्हा तात्या पुढे आले आणि त्यांनी गाठोडे सोडले.

त्यांच्या गावी कागद दुसऱ्याच्या हाती देणे म्हणजे शब्द देणे. अकरा माणसांनी छावणीवर त्यांच्या हाती सर्टिफिकिटे दिली, तेव्हा त्यांच्या दृष्टीने मतदान होऊन गेले होते. कायद्याला सर्टिफिकीट चालत नाही, प्रॉक्सी फॉर्म लागतो. माझ्या वतीने अमुक मनुष्य मत देईल, असे लिहून दिलेला तो कागद. तोही सभेच्या अठ्ठेचाळीस तास आधी कार्यालयात पोचलेला हवा.

मी उभा राहिलो आणि हेच सांगितले. ही मते धरता येत नाहीत, म्हणालो.

सर्टिफिकिटे एकेक उचलून तात्यांनी पुन्हा कापडात बांधली. गाठ मारून झाल्यावर हळू आवाजात म्हणाले, "मी तुमाला इचारलं हुतं, शास्त्रीबुवा."

मतमोजणी मीच केली. ठराव थोड्या मतांनी मंजूर झाला. त्या अकरा जणांचे शेअर विरोधात धरले असते, तर तो पडला असता. इतिवृत्तात मी लिहिले की सभा नियमानुसार पार पडली. तेही खरेच होते.

दुसऱ्या दिवशी मी बापूसाहेबांकडे गेलो. निदान तात्यांच्या गावचे काम पूर्ण होईपर्यंत मशीन राहू द्यावे, अशी विनंती केली. ते दुष्ट गृहस्थ नव्हते. त्यांनी माझ्यासमोरच खरेदीदाराला फोन लावला. खरेदीदार आठ दिवसांहून अधिक थांबायला तयार नव्हता. त्या आठ दिवसांत मशीन काळ्या पाषाणात आणखी काही फूट गेले. छिद्र कोरडेच राहिले. मग ट्रक आला. गावकऱ्यांनी छिद्रावर एक फरशी ठेवली, लेकरांचा पाय जाऊ नये म्हणून. पुढे पाऊस येईपर्यंत तात्यांच्या घरच्या बायका तीन मैलांवरून पाणी आणत होत्या, हे मला त्यांच्या गावच्या मास्तरांकडून कळले.

मुंबईच्या त्या कंपनीला परवाना मिळाला नाही. परदेशी तज्ज्ञ निघून गेले आणि आमचे भांडवल बुडाले. काही काळाने सरकारी जहाजाला पश्चिम समुद्रात तेल लागले, पण ते निराळ्या ठिकाणी. म्हणजे समुद्राविषयी बापूसाहेबांचा तर्क अगदीच चुकीचा नव्हता. आमच्या नकाशातल्या त्या फुगवट्याखाली काय आहे, ते मला कधी कळले नाही. तात्यांच्या गावात पुढे सरकारी मशीन आले, त्याने दुसरीकडे छिद्र पाडले. फरशीखालच्या छिद्रात आणखी खोल पाणी होते की नव्हते, हेही कोणाला ठाऊक नाही.

नित्याच्या संध्येला बसलो की कित्येक महिने माझे ते वाक्य मला आठवत असे. पाठशाळेत आम्हांला सत्य बोलायला शिकवले होते. गुरुजींनी सत्याचा जो अर्थ सांगितला, त्यात विचारणाऱ्याला समजेल असे बोलणेही होते. तेवढे मी नोकरीत विसरलो. त्या वर्षापासून प्रत्येक नोटिशीसोबत मी मराठीत एक पान जोडू लागलो आणि कोणी काही विचारले, तर कागदाकडे बोट दाखवणे सोडून दिले. बोर्डाला हा खर्च अनावश्यक वाटे. मी तो चालू ठेवला.

पुढच्या वार्षिक सभेत ठरवण्यासारखे काहीच उरले नव्हते. मशिने नव्हती, कामही नव्हते. हिशेब वाचून सभा संपायची होती. तरीही सभेच्या आठ दिवस आधी तात्या कार्यालयात आले. तेच कापड, तीच गाठ. आत रीतसर भरलेले अकरा प्रॉक्सी फॉर्म होते, काहींवर सही, काहींवर अंगठा. मी ते एकेक तपासले. कुठेही चूक नव्हती.

"शिक्का मारा," तात्या म्हणाले, "आन् पावती द्या."

मी अकरा वेळा शिक्का मारला आणि मराठीत पावती लिहून दिली. त्यांनी ती अथपासून इतिपर्यंत वाचली, घडी घातली आणि टोपीत ठेवली.