वावरातून नेलेली सात लेकरं

सुनंदाचा फोन आला तेव्हा मी वावरात हरभऱ्याला पाणी देत होतो. सुनंदा माझी मुलगी. यवतमाळच्या दवाखान्यात ती आईजवळ थांबली होती आणि मी बैलांचं पाहायला आदल्या दिवशी गावी आलो होतो. म्हणाली, "बाबा, माय गेली." मी म्हटलं, "बरं." फोन खिशात टाकला, उरलेल्या दोन सऱ्यांना पाणी दिलं, मोटर बंद केली आणि मग एसटीनं यवतमाळला गेलो. लोक म्हणतात धक्का बसला असेल. बसला असेल. पाच आठवडे झाले, मला रडू आलेलं नाही. जेवतो, झोपतो, बैलांना चारा टाकतो… शाळेच्या गुरुजींनी सांगितलं, तिच्यावर चार ओळी लिहा, पेपरात देऊ. मी चौथी शिकलेला. येतं तसं लिहितो.

वनमाला तिचं नाव. नावानं मी तिला कधी हाक मारली नाही, सुनंदाची माय म्हणायचो. पण गावात तिची ओळख खिचडीवाली काकू अशीच होती. आधी शाळेतल्या पोरांना महिन्याचा तांदूळ घरी मिळायचा, मग शाळेतच शिजवून द्यायचा हुकूम आला. शिजवायला बाई मिळेना. ही उठली आणि हो म्हणून आली. मी म्हटलं, "दहा एकराच्या मालकाची बायको शाळेत चूल फुकीन त लोक हासतीन." ती म्हणाली, "हासू द्या जी. हासता हासता पोरं त पाठवतीन शाळेत."

शाळेच्या मागं टिनाच्या आडोशाला तिची चूल होती. पावसाळ्यात लाकडं ओली, धूर इतका की ती दिसायची नाही, खोकला ऐकू यायचा. खिचडी कशी करायची ते शाळेनं सांगितलं होतं, पण ही घरून शेवग्याचा पाला, कोहळं, सांबार म्हणजे कोथिंबीर, असं नेऊन टाकायची. पोरं पाला वेचून ताटाच्या काठाला लावत. ही पाठीमागं उभी. "काढ, काढ. मी परत टाकतो. मले दुसरं काय काम हाये?" पोरांच्या आधी गुरुजींनी चव घ्यायची असा नियम होता. एकदा गुरुजी म्हणाले, "वनमालाबाई, मीठ कमी हाये आज." ही म्हणाली, "तुमच्या बीपीकडं पाहून टाकलं, गुरुजी." उरलंसुरलं मात्र तिनं एक दिवसही घरी आणलं नाही. घरी आमच्या पुढ्यात ज्वारीची भाकर आणि तिखट असायचं, आणि तिच्या लुगड्याला खिचडीचा वास.

आता जे सांगायचं आहे ते सांगतो. कापसाची वाईट वर्षं होती ती. आमच्या भागात कोणता पुढारी कोणत्या विधवेच्या दारी मोटारी घेऊन येत होता आणि कशासाठी, ते सगळ्यांना माहीत आहे, त्यात मी शिरत नाही. आमच्या पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या झाडांची, पहिली बोंडं अळीनं खाल्ली. उरली ती एकदम फुटली, आणि नेमकं त्याच आठवड्यात आभाळ भरून आलं. कापूस भिजला की पिवळा पडतो, कवडी होते, मग कोणी हात लावत नाही. वेचायला माणूस मिळेना; ज्याचा त्याचा कापूस फुटलेला. मी सकाळीच गावाबाहेरच्या वस्तीवर गेलो आणि मायबापांना बोलून सात पोरं घेऊन आलो. सगळी शाळेतली. लहान बोटं बोंडात बरोबर जातात, लवकर वेचून होतं. त्या वर्षांत सगळेच असं करत होते. मीही केलं.

शाळेत तिनं पोरं मोजली तर सात कमी. विचारलं, कुठं गेली? तर एक पोरगी म्हणाली, "काकू, ते त तुमच्याच वावरात हायेत."

दुपारी ती आली. धुऱ्यावर, वावराच्या बांधाशी, उभी राहिली. माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. एकेकाचं नाव घेऊन हाक मारली, "चला रे, ताटं धुवून ठेवले." पोरं माझ्या तोंडाकडं पाहत राहिली.

मी म्हटलं, "आजच्या दिवस राहू दे वं. आभाळ पाह्यलं काय? समदी कवडी होईन."

"होऊ द्या."

"मंग वर्षभर खासान काय?"

"ते आपण संध्याकाळी पाहू. सकाळपासून उपाशी हायेत हे. तुमी इचारलं काय त्यायले?"

नव्हतं विचारलं. सात पोरं सकाळपासून माझ्या डोळ्यासमोर वाकून वेचत होती… मी आभाळाकडं पाहत होतो.

एक लहानगी जाता जाता म्हणाली, "काका, जेवून येतोच." कसली येते! हिनं त्यांना जेऊ घातलं आणि वर्गात नेऊन बसवलं, गुरुजींना म्हणाली, सुटल्याशिवाय सोडू नका. मी एकटाच वेचत राहिलो. तीनच्या सुमारास खिचडीचा गंज आणि ताटं घासून ती परत आली, पदर खोचला आणि माझ्या शेजारची ओळ धरली. दिवस बुडेपर्यंत आम्ही वेचलं. मग पाणी आलंच. निम्मा कापूस झाडावर भिजला. मी तिच्याशी पंधरा दिवस बोललो नाही, ती रोज वेळेवर शाळेत जात राहिली. पुढच्या वेचणीला मी पोरं आणली नाहीत. चूक कळली म्हणून नाही. ती परत येऊन नेईल हे माहीत होतं म्हणून.

चूक झाली असं मी तिला कधी म्हटलं नाही. दवाखान्यात आठ दिवस जवळ होतो, तेव्हाही नाही.

तेरवीला त्या सातांतली एक आली. रंजना. तेव्हा तिसरीत होती, आता कळंबला दिलेली, दोन लेकरांची माय. सगळे पांगल्यावर ती थांबली. "काका, संध्याकाळले काय खासान? भात टाकून देतो." तांदळाचा डबा उघडून म्हणाली, "किती टाकू?" मला सांगता येईना. डब्यात माप नव्हतं. रंजना म्हणाली, "काकू मुठीनं घेत जाये. गुरुजी मापून देत, तरी काकू परत मुठीनं पाहे. एका लेकराच्या दोन मुठी. आमी लायनीत बसून मोजो." तिनं दोन मुठी टाकल्या, माझ्याकडं पाहिलं, आणि अजून एक टाकली.

आता मीच शिजवतो. सुनंदा पांढरकवड्याला चला म्हणते, पाहू. माझा हात मोठा, तिचा लहान होता. दोन मुठी घेतल्या तर भात उरतो, एक घेतली तर पुरत नाही. काल दोन घेतल्या. उरलेला झाकून ठेवला, सकाळी खाल्ला. माझ्यासाठी ती किती मुठी घ्यायची ते हळूहळू कळेल. स्वतःसाठी किती घ्यायची, ते मी कधी पाहिलं नाही.