शाडूचा पिंड

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. रंगमंचावर मी म्हटलेलं एक वाक्य माझं नव्हतं, चोरून ऐकलेलं होतं. ज्याचं होतं तो अजून समजतो, की त्याच्या मेलेल्या वडिलांनीच ते माझ्या तोंडून वदवलं.

बाहत्तरच्या दुष्काळानंतरची दोन-तीन वर्षं. मी दौंडला रेल्वेत कारकून होतो. संध्याकाळी कॉलनीच्या हॉलमध्ये आम्ही नाटकं बसवायचो. एक जुनं, गाजलेलं परदेशी नाटक मी मराठीत आणत होतो. खोलीत माणसं बसलीत, कुणीतरी येईल आणि सुटका होईल म्हणून. कुणी येत नाही. दार उघडं आहे, तरी कुणी उठत नाही. लोको शेडमधला माझा मित्र वाचनाला चहा पीत बसला होता. म्हणाला, "दाराला कडी न्हाई ना? मग ही मान्सं घरी का जात न्हाईत? ड्यूटी हाय का त्यांची?" सगळे हसले. नाटक मात्र तिथंच अडलं.

त्याच सुमारास त्याचे वडील गेले. दहाव्याला मी शिरूरला घोडनदीच्या काठी त्याच्या मागे उभा होतो. माझ्या वडिलांनी बौद्ध धम्म घेतल्यापासून आमच्या घरी पिंड नाही, कावळा नाही. त्यामुळे मी सगळं परक्यासारखं बघत होतो. भाताचा पिंड ठेवलेला. समोरच्या बाभळीवर कावळे बसलेले, पण एकही खाली येईना, ओरडेनासुद्धा. ऊन चढलं. कावळा शिवल्याशिवाय हलायचं नसतं, म्हणून कुणी हललं नाही. मेलेल्याची जी काही इच्छा राहिली असेल ती पुरी करू, असं घरचे एकेक जण पिंडापाशी येऊन कबूल करत होते. आणि मला माझी खोली सापडली. दार उघडं, तरी कुणी उठत नाही. त्या जागी मला चक्क आनंद झाला.

शेवटी मित्र वाकला आणि ओठातल्या ओठात म्हणाला, "आप्पा, तिला घरी आणतो. तिचं ताट आईच्या शेजारी मांडतो."

मांडवगण फराट्याला आप्पांचं दुसरं घर होतं. गावाला माहीत होतं, घरात कुणी त्याविषयी बोलत नसे. त्याचं बोलणं फक्त मी ऐकलं. कावळा तरीही आला नाही. मग दर्भाचा कावळा करून पिंडाला टेकवला आणि लोक उठले.

नाटकातली खोली मी नदीकाठ केली. पिंड ठेवणाऱ्या मुलाचं काम माझ्याकडेच होतं. पिंड शाडूचा, वर काळे तीळ चिकटवलेले. तालमीत मी पिंडापाशी भलतंच काही म्हणायचो, ते वाक्य प्रयोगासाठी राखून ठेवलं होतं. मित्राची ड्यूटी होती, तो येणार नाही असं धरून चाललो होतो.

बोलावणं शिरूरच्या शाळेचं होतं; विजेचा भरवसा नव्हता, म्हणून तिथल्या मैदानात मांडव घालून दुपारी प्रयोग केला. मी वाकलो आणि त्याचे शब्द म्हणालो, ताटासकट. मांडवाच्या उघड्या बाजूनं एक कावळा आत आला, शाडूवर बसला, दोनदा चोच मारली आणि गेला.

टाळी पडली नाही. पुढचे म्हातारे "शिवला" म्हणत उठले, टोप्या सारख्या केल्या आणि चालू लागले. मागोमाग बायका, मग सगळा मांडव. अर्धा अंक बाकी होता. आमच्यातला एक म्हणाला, "कावळ्याला पास कुणी दिलता रे?" कुणी हसलं नाही.

मित्र वर मंचावर आला. ड्यूटी बदलून आला होता.

"ते ताटाचं लिहिलेलं व्हतं?"

"नाही," मी म्हणालो. "तोंडात आलं."

"नक्की न्हाई?"

"नाही."

त्यानं शाडूवरच्या चोचीच्या खुणांवरून बोट फिरवलं. "मंग आप्पाच बोलले. नदीवर माझ्यावर इस्वास बसला न्हाई त्यांचा."

आठवड्याच्या आत त्यानं मांडवगणहून तिला आणलं. ताटं शेजारी शेजारी मांडली. आई ताटावरून उठली, कारेगावला भावाकडे गेली आणि पुन्हा त्या घरात जेवली नाही. दशक सरता सरता ती तिथंच वारली.

दहाव्याला त्यानं मला मुद्दाम बोलावलं. तोच काठ, तीच बाभळ, तेच गप्प कावळे. त्यानं जेवढं सुचलं तेवढं कबूल केलं. एकही कावळा उतरला नाही. मग तो माझ्याकडे वळला.

"तू वाक. म्हण कायतरी. तुझ्या तोंडून बोलत्यात मेलेली."

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी वाकलो, तोंड उघडलं. तेव्हा खरं सांगता आलं असतं. पण मला माझा आवाजच सापडेना. त्याचे मामा शेवटी म्हणाले, "बास झालं. दर्भ आणा."

तो कावळा शाडूवर का बसला, हे मला आजही सांगता येत नाही. वाक्याचं सांगता येतं. आप्पा बोलले नव्हते. मी मागे उभा राहून ऐकलं होतं. एवढं त्याला सांगायचं माझ्याकडून अजून राहिलं आहे.