माझं धावणं आणि नानांच्या पोटऱ्या

आधीच सांगते, मी अशा गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. अमावस्येच्या संध्याकाळी मुद्दाम नखं कापत बसणारी मी. या ग्रुपवरचे अनुभव वाचून "झोप पूर्ण करा" अशा कॉमेंट टाकणारीही मीच... त्यामुळे आज कोणी मला टोमणा मारला तर मी गप्प बसणार आहे. मारा खुशाल.

मी नाशिकला इंदिरानगरमध्ये आई-वडिलांजवळ राहते. चाळिशी गाठलेली, टॅक्स कन्सल्टंटकडे नोकरी, स्वभाव तापट. वडिलांना आम्ही नाना म्हणतो. मूळचे दिंडोरीकडचे, सातपूरच्या एका कंपनीत फिटर होते. गच्चीवरची पाण्याची टाकी साफ करताना शिडीवरून पडले आणि कमरेखालचं सगळं गेलं – हालचालही आणि संवेदनाही. त्याला बरीच वर्षं झाली. एकदा गरम पाण्याच्या पिशवीनं पाय भाजला, तरी त्यांना पत्ता नाही. तेव्हापासून रोज सकाळी त्यांचे पाय पुसून नीट तपासायचं काम माझ्याकडे आहे.

गेल्या हिवाळ्यात शहरात एक मॅरेथॉन होती. मणक्याला इजा झालेल्यांना व्हीलचेअर मिळाव्यात, यासाठी. मी हाफ मॅरेथॉनला नाव दिलं. नानांसाठीच दिलं, उघड आहे. रेसच्या आधीच्या आठवड्यात कमी पळायचं असतं, आणि कुठल्याही पळणाऱ्याला विचारा, तो आठवडा फार वाईट जातो. पाय शिवशिवतात, झोप लागत नाही, घरच्यांवर उगाच खेकसायला होतं. त्यात माझ्या जुन्या बुटाचा तळ निघाला. रेसच्या तोंडावर नवे बूट घालायचे नसतात हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं, पण इलाज नव्हता. घेतले.

सोमवारी जॉगिंग ट्रॅकवर पळाले. बूट बोटांना चांगलेच घट्ट होते, पण दुखलं काहीच नाही. बरं वाटलं. घरी आले तर नाना म्हणाले, "आज पोटऱ्या लय भरून आल्यात."

आई चहा गाळत होती, ती तशीच थांबली. "कोणाच्या?"

"माझ्या. दुसऱ्या कोणाच्या?"

डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी टाचणी टोचून पाहिली, नानांना काही कळेना. मेंदूला जुनं आठवतं, त्यातून असे भास होतात, काळजी करू नका, म्हणाले. मला पटलं. मंगळवारी ऑफिसच्या गडबडीत पळाले नाही, आणि नानांचंही काही दुखलं नाही.

बुधवारी पुन्हा पळाले. परत येऊन नानांचे मोजे काढले तर उजव्या पायाच्या करंगळीला पाण्यानं भरलेला टपोरा फोड. नवा बूट चावल्यावर येतो, अगदी तसाच. ज्या माणसानं इतक्या वर्षांत पायात चप्पल घातलेली नाही, त्याला बूट चावलाय? मी माझा बूट काढून पाहिला. माझी करंगळी स्वच्छ... साधी लालसुद्धा नाही. आई म्हणाली, चादर घासली असेल. मीही म्हटलं, असेल. पण दिवसभर कामात लक्ष लागेना, एका क्लायंटवर विनाकारण ओरडले.

गुरुवार असाच येरझाऱ्या घालण्यात गेला. शुक्रवारी खात्रीच करायची म्हणून घरी न सांगता देवळाली कॅम्पच्या बाजूला पळायला गेले. तिथं उतारावर ठेच लागून आपटले. तळहात सोलवटले, त्यांची नुसती आग आग. गुडघ्यावर ट्रॅकपँट फाटली, पण गुडघ्याला काही म्हणजे काही नाही. घरी पोचले तर आई दारातच उभी.

"पडलीस का गं?"

"तुला कोणी सांगितलं?"

"नानांनी एकदम गुडघा धरला आणि म्हणाले, पोरगी पडली."

तेव्हा मात्र मी टरकले. नानांचं ब्लड प्रेशर मोजलं, तर चढलेलं. डॉक्टर फोनवर म्हणाले, या वयात एवढं चढणं चांगलं नाही, जपा. मी ठरवलं, रविवारी पळायचं नाही. एवढं अंतर, हे असले बूट... आणि सोसणार कोण, तर ते.

नाना भडकले. माझा तापटपणा आलाय कुठून, तर तिथूनच. "तू पळणार."

"नाना, तुम्हाला काही झालं तर?"

"काय व्हायचं ते कधीच झालंय. इतकी वर्षं हे पाय म्हणजे कोणीतरी पलंगावर ठेवून गेलेलं सामान हाय. या आठवड्यात ते माझे होते. माझं दुखणं काढून घेऊ नको, बाई."

मी बाथरूममध्ये जाऊन रडले. मग बाहेर येऊन हो म्हणाले.

रविवारी मी पळाले. इतकं सोपं मी आयुष्यात कधी पळालेले नाही, आणि इतकं वाईटही. दर पावलाला वाटायचं, हे तिकडे बसतंय. मधूनमधून आईला फोन करत होते. "घामाघूम झालेत, पण हसतायत," ती म्हणायची. मग तिनं फोन उचलणं बंद केलं. शेवटचा टप्पा उरला होता... आणि एकदम दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले, करंगळी पेटली, गुडघा ठणकायला लागला. सगळं एकाच वेळी. मी रस्त्यातच खाली बसले. मनात एकच आलं – नाना गेले. म्हणून माझं मला परत आलंय.

रेस सोडून रिक्षा पकडली. मॅरेथॉनमुळे रस्ते वळवलेले, द्वारका चौकात सगळा ट्रॅफिक तुंबलेला. उतरून धावावं तर पाय टेकवत नव्हता. रिक्षावाला म्हणाला, "ताई, दवाखान्यात घेऊ का?" मी त्याच्यावरही ओरडले.

नाना जिवंत होते. आई त्यांचा चेहरा पुसत होती, तिचा फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला. मी त्यांचे पाय घट्ट धरले आणि हमसून हमसून रडले, पण मी पाय धरलेत हे त्यांना कळतच नव्हतं. "गेलं गं," ते म्हणाले. "मधेच गेलं. आता काय नाय."

डॉक्टरांकडे याचं उत्तर नाही, माझ्याकडे तर नाहीच. नंतर मी मुद्दाम तेच बूट घालून पळाले, कॅम्पच्या त्याच उतारावर गेले. फोड मलाच येतात. कोणाला काही सुचत असेल तर जरूर लिहा, फक्त भास म्हणू नका. त्यांच्या करंगळीला मी माझ्या हातानं मलम लावलंय.

मी रोज पळते. परत आले की नाना विचारतात, "आज कुठं दुखतंय?" मी पलंगाच्या कडेला बसून सांगते – डाव्या पोटरीत, खालून वर ओढ बसल्यासारखं. ते डोळे मिटून ऐकतात. "अजून सांग," म्हणतात. त्यामुळे हल्ली पळताना, कुठं काय दुखतंय याकडे मी नीट लक्ष देते. घरी जाऊन सांगायचं असतं.