येवल्याच्या चाचांचे तीन दात

तो फोटो आठवला की आजही माझ्या अंगाची लाही होते, आणि थोडीथोडकी नाही, पोतंभर.

सन पस्तीसच्या आसपासची गोष्ट. देवळाली कॅम्पातल्या, विलायतेला परत निघालेल्या एका सोल्जराकडून मी डबा कॅमेरा घेतला होता. तो पोटाशी धरून वरच्या काचेत मान खाली घालून बघायचं. लोकांना वाटे, गडी कोटाची बटणं मोजतोय. तेवढ्यात त्यांचं खरं तोंड माझ्या डब्यात! गावोगाव हिंडून निम्मा नाशिक जिल्हा मी असा पकडला. उरलेला निम्मा सुटला तो रीळ महाग म्हणून.

येवल्याच्या एका गल्लीत एक म्हातारे मुसलमान विणकर दारात, उन्हात बसून रेशीम गुंडाळत होते. सगळी गल्ली त्यांना चाचा म्हणे. एका बोकडाने रेशमाचं टोक तोंडात धरलं आणि धूम ठोकली. पार मनमाडपर्यंत गेला, असं मी तरी सांगतो. दुसरा कुणी असता तर काठी घेऊन धावला असता. चाचा हसले. मान मागे, तोंड उघडं, उरलेसुरले तीन दात उन्हात. खट्!

"काढला काय रे? हसताना?" चाचांनी विचारलं.

"काढला."

"मग मला एक दे, बेटा. मालेगावात माझी बहीण हाय. सात वर्षं बोलणं नाय. किती निरोप धाडले, पण ती म्हणते, भाऊ मनातून अजून रागावलेला हाय. निरोप काय, कुणीबी गोड करून सांगतो. असं हसणं कोण खोटं करील?"

मी शब्द दिला आणि नाशकातल्या एका फोटोवाल्याकडे रीळ धुवायला टाकलं. आठवड्याने पाकीट उघडलं, तर चाचांचं तोंड बंद! हसण्याने बारीक झालेले डोळे आणि त्याखाली घट्ट मिटलेले ओठ. समोरच्याला कच्चा खाऊ की भाजून, असा विचार करणारा चेहरा.

"दात कुठे गेले?"

"खरवडले," फोटोवाला फुशारून म्हणाला. "भिंग लावून, निगेटिव्हवरच. बारीक पातं चालवलं, वर शिसपेन्सिलीने ओठ जुळवले. त्याचे पैसे नकोत हं."

"तुम्हाला सांगितलं कुणी?"

"सांगावं लागतं का, साहेब? एवढा वयस्क माणूस आणि बोळकं उघडं टाकून हसतोय! फोटो भिंतीवर लागायचा. आमच्या दुकानातून कुणाचा दात बाहेर जात नाही."

मी असा ओरडलो की रामकुंडावरचे भटजी मंत्र विसरले. मग त्याच्या भिंतीकडे लक्ष गेलं. वकील, नवरानवरी, मुंजे, सासवा, सगळे एकाच तेराव्याला आल्यासारखे बसलेले. या इसमाने अख्ख्या नाशकाचं हसू पात्याने काढलं होतं, आणि लोक वर त्याचे आभार मानत होते! निगेटिव्हवरून खरवडलेलं परत येत नाही. त्याला खरवडावं असं फार वाटलं.

येवल्यात चाचांनी फोटो उलटासुलटा करून पाहिला. "हा तर माझा बाप," ते म्हणाले. "हा पाठवला तर ती दाराला दुसरी कडी लावील."

"दुसरा काढू!" मी डबा सरसावला. पण आता त्यांना डबा ठाऊक झाला होता. मी पोटाशी हात नेला की त्यांचे ओठ मिटत. अख्खं रीळ संपत आलं.

"अहो, हसा ना!" मी खेकसलो.

"असा अंगावर धावून आल्यावर कोण हसतो रे?"

दुसऱ्या दिवशी चाचा स्वतःच मालेगावच्या मोटारीत जाऊन बसले. मीही पाय टाकला.

"तू उतर," ते म्हणाले. "तुझा डबा पाहिला की माझं तोंड मिटतं. तिच्या दारात ते उघडं पायजे."

मोटार गेली. बहिणीने दार उघडलं आणि भावाला महिनाभर सोडलं नाही, हे पुढे कळलं. पण दार उघडलं तेव्हा चाचांचं तोंड कसं होतं, ते मी पाहिलं नाही. पाहणार होतो. डबा पोटाशी, मान खाली, सात फुटांवरून. त्या फुकटच्या पात्याने तेही खरवडलं.